कंपनीतल्या पगारी वकिलाचे लेखी मत आता किती गोपनीय?

प्रश्न: पुण्याजवळच्या एका उत्पादन कंपनीत मी विधी विभाग सांभाळते. विभागाचा अंतर्गत सल्ला गोपनीय धरला जातो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांच्या आधारे आम्ही आजवर मानत आलो. नोकरीतल्या वकिलाच्या सल्ल्याला हे संरक्षण नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालानंतर व्यवस्थापन विचारते आहे की आता ईमेलवर मत द्यायचे की नाही. ते उच्च न्यायालयाचे निवाडे संपले का? आणि रोजच्या कामात नेमके काय बदलायचे?

उत्तर: व्यवस्थापनाला आधी निष्कर्ष हवा असतो, म्हणून तो आधी सांगतो. तुम्ही व्यवस्थापकीय संचालकांना, खरेदी विभागाला किंवा मनुष्यबळ विभागाला जे लेखी मत देता, ते उद्या न्यायालयात किंवा तपास अधिकाऱ्यापुढे मागवले जाऊ शकते, असे धरूनच यापुढे लिहा. सनद (वकिलीचा परवाना) चालू असलेल्या बाहेरच्या वकिलाशी कंपनीच्या वतीने तुम्ही जो पत्रव्यवहार करता, त्याला मात्र संरक्षण आहे. कागद कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिला, यावर आता सगळे ठरते. कागदावर वर काय शिक्का मारला आहे, याला जवळपास किंमत नाही.

आता उच्च न्यायालयाच्या निवाड्यांविषयी. 1872 च्या पुरावा कायद्यात दोन वेगवेगळी कलमे होती. कलम 126 वकिलाला बांधत होते: अशिलाने सांगितलेले त्याच्या संमतीशिवाय उघड करायचे नाही. त्यात बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर आणि वकील असे शब्द होते. कलम 129 अशिलाला संरक्षण देत होते: आपल्या व्यावसायिक कायदेविषयक सल्लागाराशी झालेले गोपनीय बोलणे न्यायालयात सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नव्हती. ‘सल्लागार’ या शब्दात पगारी माणूस बसतो का, हा खरा वाद. मुंबई महानगरपालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या 1982 साली प्रकाशित झालेल्या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की मालकाला कायदेविषयक सल्ला देणाऱ्या पगारी अधिकाऱ्यालाही तेच संरक्षण मिळते. अट एकच, की तो संवाद कायदेविषयक सल्लागार म्हणून झालेला असावा, प्रशासकीय कामाचा भाग म्हणून नव्हे. पुढे लार्सन अँड टुब्रो विरुद्ध प्राइम डिस्प्लेज या प्रकरणात त्याच न्यायालयाने कंपनीच्या अंतर्गत विधी विभागाचा सल्लाही या छत्राखाली घेतला. तिथे कसोटी सल्ला देणाऱ्याच्या पात्रतेची होती: नोकरी नसती तर हा माणूस वकिली करू शकला असता का? महाराष्ट्रातल्या बहुतेक विधी विभागांची कार्यपद्धती या दोन निवाड्यांवर बेतलेली आहे.

एक विसंगती मात्र तेव्हापासूनच होती. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची असते. 2001 मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाच्या पगारी विधी अधिकाऱ्याबाबत हा नियम कडकपणे लावला. म्हणजे एका बाजूने ‘तू वकील नाहीस’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तुझा सल्ला वकिलासारखाच गोपनीय’, अशी ही स्थिती होती. ती कधीतरी तुटणारच होती.

तुटली ती 2025 मध्ये, आणि तीही एका अगदी वेगळ्या वादातून. गुजरातमध्ये एका वकिलाने आरोपीला जामीन मिळवून दिला होता. पोलिसांनी त्यालाच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली चौकशीला बोलावले. जून 2025 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती नोटीस रद्द करायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्यात अंमलबजावणी संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना, एका कंपनीच्या समभाग योजनेवर दिलेल्या मताबाबत समन्स काढले होते. देशभर ओरड झाल्यावर समन्स मागे घेतले गेले, आणि संचालकांच्या पूर्वपरवानगीशिवाय वकिलांना समन्स काढू नये असे परिपत्रक त्या खात्याने काढले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन व न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने 31 ऑक्टोबरला निकाल दिला.

बाहेर वकिली करणाऱ्यांसाठी तो निकाल भक्कम आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधल्या अपवादांत बसत असेल तरच वकिलाला समन्स काढता येईल. कोणत्या तथ्यांवर तो अपवाद लागू होतो हे समन्समध्ये स्पष्ट लिहावे लागेल. पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाने आपले समाधान आधी लेखी नोंदवावे लागेल. त्यावरही संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयात दाद मागता येईल. वकिलाचा लॅपटॉप किंवा फोन तपास अधिकाऱ्याच्या हातात थेट जाणार नाही, तो न्यायालयापुढे हजर करायचा. अशिलाला नोटीस दिल्यानंतर, पक्षकार आणि वकिलासमोर, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाच्या मदतीने तो उघडायचा, आणि दुसऱ्या अशिलांच्या गोपनीयतेला धक्का लागू द्यायचा नाही.

कंपनीत पगारावर असलेल्यांना मात्र यातले काही लागू नाही. न्यायालयाने म्हटले की नोकरीतला वकील न्यायालयात वकिली करणारा अ‍ॅडव्होकेट नाही, मालकाच्या व्यावसायिक धोरणांचा त्याच्यावर प्रभाव असतो, म्हणून कलम 132 चे संरक्षण त्याला नाही. कलम 134 चे संरक्षण मिळते ते त्याने मालकाच्या कायदेविषयक सल्लागाराशी, म्हणजे बाहेरच्या वकिलाशी केलेल्या संवादापुरते. मालक आणि नोकरीतला वकील यांच्यातल्या संवादासाठी ते मागता येणार नाही. इथे शब्दांकडे लक्ष द्या. जुन्या 126 मधल्या चार शब्दांच्या जागी 132 मध्ये फक्त ‘अ‍ॅडव्होकेट’ आला. जुन्या 129 मधला ‘व्यावसायिक’ हा शब्द 134 मधून गळला. विशेषण गेल्याने दार पगारी सल्लागारांसाठी जास्त उघडेल अशी आशा विधी विभागांत अनेकांना होती. ते दार आता बंद आहे.

मग मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे संपले का? नव्या कार्यवाहीपुरते, हो असेच धरा. संविधानाच्या अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ सगळ्या न्यायालयांना बंधनकारक आहे. पण साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 ला लागू झाला, आणि त्याच्या कलम 170 नुसार त्या तारखेआधी प्रलंबित असलेले दावे, खटले, चौकशा आणि अपिले जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात. म्हणून आधी एक यादी करा: कंपनीची कोणती प्रकरणे 30 जून 2024 पर्यंत दाखल झालेली होती? त्यांत कलम 129 आणि त्यावरचे मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे आजही मांडता येतात. समोरचा पक्ष नोकरीतला वकील मालकापासून स्वतंत्र नसतो हा नव्या निकालातला मुद्दा पुढे करेलच, त्यामुळे यशाची खात्री देता येणार नाही. पण हा युक्तिवाद हातचा सोडणे ही चूक ठरेल. अनेक विभागांनी घाबरून जुन्या प्रकरणांतही गोपनीयतेचा दावा करणेच थांबवले आहे, ते अनाठायी आहे.

आता रोजच्या कामाचे. सगळ्यात जास्त नुकसान होते ते ‘बाहेरच्या वकिलाला सीसीमध्ये टाकले की झाले’ या समजुतीने. खरेदी प्रमुखाने तुम्हाला विचारले, तुम्ही उत्तर दिले आणि वकिलाला फक्त प्रत गेली, तर तो संवाद तुमच्या दोघांमधलाच राहतो. वकिलाला खरोखर प्रश्न विचारलेला असावा आणि त्याचे उत्तर आलेले असावे. म्हणून नाजूक विषयात क्रम उलटा करा. व्यवसाय विभागाकडून आधी फक्त तथ्ये मागवा. मग तुम्ही वकिलाला पत्र लिहा: विषय, तथ्ये, नेमके प्रश्न, आणि ‘कंपनीला आपला कायदेविषयक सल्ला हवा आहे’ हे एक स्पष्ट वाक्य. स्वतःचे मत मांडायचे असेल तर त्याच पत्रात मांडा, ‘आमचे प्राथमिक आकलन असे आहे, आपण तपासून सांगावे’ या स्वरूपात. तुमचे विश्लेषण वाया जात नाही. ते फक्त वकिलाला उद्देशून जाते आणि 134 च्या आत राहते. तेच विश्लेषण आधी वित्त प्रमुखाला पाठवून मग वकिलाला पुढे ढकलले, तर पहिला ईमेल उघडाच राहिला.

तथ्यांचे कागद मात्र वकिलाकडे पाठवल्याने गोपनीय होत नाहीत. खरेदी आदेश, चाचणी अहवाल, जुने ईमेल, ताळेबंदाची टिपणे हे सगळे वकिलाच्या फायलीत गेले तरी मागवता येते. वकिलाच्या ताब्यातले दस्तऐवज कलम 132 च्या संरक्षणात येत नाहीत आणि न्यायालय ते हजर करायला सांगू शकते, हे निकालातही स्पष्ट आहे. म्हणून ‘अडचणीचे कागद वकिलाकडे ठेवून द्या’ असा सल्ला कोणी देत असेल तर तो लगेच थांबवा. कलम 132 चा अपवादही कायम लक्षात असू द्या. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेला संवाद, किंवा वकील नेमल्यानंतर घडलेला गुन्हा वा फसवणूक त्याच्या नजरेस आली तर ती, यांना कोणतेही संरक्षण नाही, मग वकील कितीही ज्येष्ठ असो.

सगळेच बाहेर पाठवा असे मी म्हणत नाही. ते परवडणारही नाही आणि कामाचा वेगही मरेल. मालपुरवठ्याच्या करारातले विलंब शुल्काचे कलम, भाडेकराराची नोंदणी, मुद्रांक शुल्काची आकारणी, गोपनीयता करार हे काम पूर्वीसारखेच करा. उद्या ते उघड झाले तरी कंपनीचे काही बिघडत नाही. बाहेर पाठवायचे ते असे: कारखान्यातला जीवघेणा अपघात, स्पर्धकांशी किमतींबाबत झालेला कोणताही संपर्क, अंतर्गत माहितीच्या आधारे समभागांचे व्यवहार झाल्याची शंका, लाचखोरीची तक्रार, वरिष्ठ अधिकाऱ्यावरची लैंगिक छळाची तक्रार, करातली मोठी वादग्रस्त भूमिका, आणि ज्यात प्रवर्तक किंवा संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते असे काहीही. यासाठी एका वकिलाशी मासिक शुल्काचा लेखी करार करून ठेवा. त्यात नाजूक प्रश्नावर 24 तासांत प्राथमिक लेखी उत्तर मिळेल अशी अट घाला. वेळ ठरवली नाही तर व्यवसाय विभाग थांबत नाही, तुमच्याकडूनच उत्तर मागतो आणि तुम्ही घाईत ते लिहून देता.

मतांच्या भाषेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण कंपन्या अडकतात ते बहुतेक इथेच. ‘आपण नियमाचा भंग केला आहे’ हे वाक्य पगारी वकिलाच्या ईमेलमध्ये असले, की पुढे ते कबुलीसारखे वाचले जाते. तीच गोष्ट ‘नियम अमुक म्हणतो, आपल्या नोंदींत तमुक दिसते, याची तपासणी बाहेरच्या वकिलाकडून करून घेत आहोत’ अशी लिहिली, तर ती खरीही राहते आणि जबाबदारही. अंदाज, चीड, दुसऱ्या विभागावरचे आरोप हे ईमेलमध्ये नकोत. व्यवस्थापकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, त्यात तुम्ही टाकलेला ‘हे लिहू नका, फोन करा’ असा संदेश, बैठकीचे आपोआप शब्दांकन करणारी साधने, हे सगळे आता नोंदी आहेत. कायदेविषयक चर्चा असलेल्या बैठकीत असे शब्दांकन बंद ठेवा आणि ते बंद केल्याची नोंद बैठकीच्या निमंत्रणातच करा.

पण पुसून टाकणे हा मार्ग नाही. वाद किंवा तपास दिसू लागल्यावर ईमेल हटवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा होऊ शकतो. जपणुकीचे धोरण आधीच ठरवा, नेहमीच्या कालमर्यादेने ते चालू द्या आणि नोटीस आल्या दिवशी संबंधित ईमेल पेट्यांतली हटवणूक थांबवा. ते थांबवल्याचा लेखी आदेश तुमच्या नावाने जाऊ द्या. तो आदेश उघड झाला तरी कंपनीच्या बाजूनेच बोलेल.

संचालक मंडळाच्या इतिवृत्तात बाहेरच्या वकिलाच्या मताचा गोषवारा लिहू नका. ‘मंडळाने बाहेरील विधी सल्ला विचारात घेतला’ एवढे पुरते. मूळ मत अध्यक्षांच्या परवानगीने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते कोणी, कधी वाचले याची नोंद ठेवा. लेखापरीक्षक वर्षअखेरीला सगळी मते मागतात. लेखापरीक्षा मानक 501 नुसार त्यांना दावे आणि वादांबद्दल पुरावा हवा असतो, आणि तो मिळणे त्यांचा हक्क आहे. तो पुरा करण्यासाठी मत देण्याऐवजी वकिलाकडून प्रत्येक प्रकरणाची स्थिती, दाव्याची रक्कम आणि संभाव्य परिणाम सांगणारे एक पत्र द्या. इंड एएस 37 (संभाव्य देण्यांबाबतचे लेखा मानक) खालच्या तरतुदीसाठी तेवढी माहिती लागते. मताची प्रत बाहेर गेली की ‘ते गोपनीय राहिलेच नाही’ असा युक्तिवाद समोर येतो. कंपनी विकताना उघडल्या जाणाऱ्या माहितीकक्षातही तीच काळजी घ्या: तिथे वादांची तथ्यसूची ठेवा, मते नको.

फॉरेन्सिक तपासणी (गैरव्यवहाराचा तांत्रिक तपास) करायची असेल तर नेमणूक पत्र बाहेरच्या वकिलाच्या कार्यालयाने काढावे. अहवालही ‘सल्ला देता यावा म्हणून’ त्यांनाच उद्देशून असावा. दाव्याच्या अपेक्षेने तयार झालेल्या कागदांसाठी इंग्लंडमध्ये वेगळा, नीट विकसित झालेला नियम आहे, तसे स्वतंत्र कलम साक्ष्य अधिनियमात नाही. म्हणून अशा अहवालाचे संरक्षण 134 मधूनच मागावे लागते, आणि त्यासाठी नेमणुकीची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून बरोबर असायला हवीत. सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिव थेट कंपनीला अहवाल देत असतील तर त्यांच्यासाठी वकिलासारखे संरक्षण नाही.

साक्षीदार कोण, हा मुद्दा हमखास सुटतो. कलम 134 चे संरक्षण साक्ष द्यायला उभे राहिल्यावर आक्रसते. आपल्या साक्षीचा खुलासा होण्यासाठी जेवढा संवाद आवश्यक वाटेल तेवढा सांगायला न्यायालय भाग पाडू शकते. आपल्याकडे दावा दाखल करताना प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून विधी प्रमुखालाच पुढे करायची सवय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 29 नुसार सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकारी दावापत्रावर सही करू शकतो, त्यामुळे विधी विभागाचीच सही असली पाहिजे असे काही नाही. धनादेश न वटल्याच्या कलम 138 च्या तक्रारीत तुमचा कनिष्ठ अधिकारी साक्षीला गेला तर चालेल, तिथे गोपनीय सल्ल्याचा प्रश्न फारसा येत नाही. पण व्यापारी दावा, भागधारकांतला वाद किंवा फसवणुकीचा खटला असेल तर तथ्य माहीत असलेला व्यवसायातला माणूस साक्षीदार ठेवा. बाहेरच्या वकिलाशी सगळा पत्रव्यवहार तुम्ही केला आणि साक्षीलाही तुम्हीच उभ्या राहिलात, तर उलटतपासात तो पत्रव्यवहारच उघडला जाण्याचा धोका आहे.

व्यापारी न्यायालयात दावा असेल तर सुधारित आदेश 11 नुसार ताब्यातले आणि अखत्यारीतले सगळे संबंधित दस्तऐवज, आपल्या विरोधातले धरून, यादीत दाखवावे लागतात. बाहेरच्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार यादीतून गुपचूप गाळू नका. त्याचा वर्ग, कालावधी आणि पक्ष सांगून ‘कलम 134 खाली संरक्षणाचा दावा’ असे नोंदवा. प्रत्येक पत्राचा मजकूर सांगायची गरज नाही. न्यायालयाला शंका वाटली तर कलम 165 खाली ते स्वतः दस्तऐवज पाहून निर्णय देऊ शकते. लपवलेला कागद सापडला तर बाकीच्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

आता झडतीचा दिवस. आयकर, अंमलबजावणी संचालनालय, सेबी किंवा स्पर्धा आयोगाचे महासंचालक, कोणीही आले तरी आधी अधिकारपत्र वाचा: कोणत्या कलमाखाली, कोणती जागा, कोणाच्या सहीचे. बाहेरच्या वकिलाला तिथल्या तिथे बोलावून घ्या. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आधीपासून वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तरच त्या गडबडीत तो दाखवता येतो. सरसकट ईमेल पेटीतून ऐनवेळी निवडून काढणे अशक्य असते, आणि तशी विनंती अधिकारी ऐकतही नाहीत. सर्व्हरची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेत असतील तर हॅश क्रमांक (प्रतीत बदल झाला नाही हे पडताळणारा क्रमांक) पंचनाम्यात लिहून घ्या. त्या फोल्डरचे नाव, त्यातल्या संदेशांची संख्या आणि संरक्षणाचा दावा याची नोंद पंचनाम्यात करा. अधिकारी नोंद घेत नसतील तर त्याच दिवशी पत्राने ती कळवा आणि पोच घ्या. वकिलाच्या उपकरणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने आखलेली पद्धत तुमच्या लॅपटॉपला आपोआप लागू होणार नाही, म्हणून तो फोल्डर शक्यतो बाहेरच्या वकिलाच्या सुरक्षित प्रणालीवर ठेवणे चांगले. जबाब देताना तथ्यांना सरळ उत्तरे द्या. ‘बाहेरच्या वकिलाने काय सांगितले’ या प्रश्नाला कलम 134 चा उल्लेख करून नम्र नकार द्या आणि तो नकार जबाबात लिहिला गेला आहे हे पाहूनच सही करा.

कंपनी कायद्याच्या कलम 227 मध्ये कायदेविषयक सल्लागाराला निरीक्षकापुढे गोपनीय संवाद उघड न करण्याची मुभा आहे, आणि त्यात ‘सल्लागार’ म्हणजे कोण हे सांगितलेले नाही. गरज पडली तर हा मुद्दा मांडा. पण 134 मधल्या त्याच शब्दाचा अर्थ ठरून गेल्यावर त्याची पकड सैल झाली आहे, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

तुमची मूळ कंपनी परदेशात असेल तर तिथल्या विधी विभागाला हे आवर्जून कळवा. अमेरिकेत 1981 च्या अपजॉन निकालापासून कंपनीचे कर्मचारी आणि तिचे वकील, पगारी असले तरी, यांच्यातल्या सल्ल्याच्या संवादाला संरक्षण आहे. इंग्लंडमध्येही पगारी वकिलाला ते मिळते. युरोपीय न्यायालयाने मात्र 2010 च्या अ‍ॅक्झो नोबेल निकालात स्पर्धा तपासापुरते ते नाकारले, आणि आता भारत त्या बाजूला आहे. तुमच्या कार्यालयाने, समजा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पगारी वकिलाला पाठवलेला ईमेल तिथे सुरक्षित असला, तरी इथल्या न्यायालयात इथलाच कायदा लावला जाईल. सगळ्यात कमी संरक्षण देणारा देश कोणता, हे धरूनच लिहावे लागते.

‘मग विधी प्रमुखाला पगाराऐवजी मासिक शुल्कावर सल्लागार दाखवू’ असे काही कंपन्या सुचवतात. रोज ठरलेल्या वेळी हजेरी, रजेचा हिशेब, भविष्य निर्वाह निधी, वार्षिक मूल्यमापन आणि एकच अशील, असे सगळे असेल तर कागदावरचे नाव बदलून नोकरीचे स्वरूप बदलत नाही. उलट ज्याने सनद स्थगित केली नाही त्याच्यावर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुमच्या विभागात सनद असलेले किती आणि त्यांनी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला लेखी कळवले आहे का, हे या महिन्यातच तपासा. सनद चालू असलेला माणूस कंपनीच्या पगारावर असणे ही बाजू तपासात कंपनीविरुद्ध वापरली जाते.

लवादाची वाट मात्र अजून मोकळी आहे आणि तिचा फायदा फारसे कोणी घेत नाही. साक्ष्य अधिनियम लवादापुढच्या कार्यवाहीला लागू नाही, हे त्याच्या कलम 1 मध्येच आहे, आणि लवाद कायद्याच्या कलम 19 नुसार पुराव्याची पद्धत पक्षकार ठरवू शकतात. म्हणून नव्या करारांच्या लवाद कलमात एक वाक्य घाला: दोन्ही पक्षांच्या नोकरीतल्या विधी अधिकाऱ्यांनी दिलेला कायदेविषयक सल्ला बाहेरच्या वकिलाच्या सल्ल्याइतकाच संरक्षित मानला जाईल आणि तो हजर करण्याचा आदेश मागता येणार नाही. जुन्या करारात हे नसेल तर लवादाच्या पहिल्या प्रक्रियात्मक आदेशाच्या मसुद्यात ते मांडा. समोरच्या कंपनीतही तुमच्यासारखाच पगारी विधी विभाग असतो, त्यामुळे संमती बहुधा मिळते. ते वाक्य आदेशात आल्यानंतरच दस्तऐवज मागण्यांची देवाणघेवाण सुरू करा. आधी सुरू केली तर एक बाजू मागणी करून बसते आणि मग संमती मिळत नाही.